ओहोटी: दुपारी दोन ते चार

प्रवासकंपनीच्या ऑफिसात टेबलावर चार पानांचे पत्रक उघडे पडले होते. त्यावर सहलीवरून कालच परतलेल्या दातांच्या डॉक्टरांचे, उन्हाने साल निघालेले बोट टेकले होते आणि त्या बोटाखाली सूचना क्रमांक अकरा होती. पंख्याचा वारा पानाचा मोकळा कोपरा उचलून पाही आणि पुन्हा खाली ठेवी. तेवढाच काय तो आवाज. मालकांनी तिकिटे काढणाऱ्या काकांकडे पाहिले, काकांनी संगणकाच्या पडद्याकडे. कोपऱ्यातल्या तिसऱ्या टेबलाकडे न पाहण्याची मात्र दोघांनीही अशी काही खबरदारी घेतली, की न सांगताच उत्तर मिळावे.

"हे कोणी लिहिलं, एवढंच विचारलं मी," डॉक्टर म्हणाले. "भांडायला आलेलो नाही. भांडायचं असतं तर पक्कड घेऊन आलो असतो."

कोणी हसले नाही.

"मी लिहिलं," कोपऱ्यातून आवाज आला.

घरी ती ताई होती. ऑफिसात तिला सूचनाबाई म्हणत. तीन टेबलांची ही प्रवासकंपनी उष्ण समुद्रातल्या एका बेटावर माणसे पाठवीत असे आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या हाती एक पत्रक देत असे. ते पत्रक नऊ वर्षे तिच्या हातचे. टोपी एक नव्हे, दोन न्याव्यात. एक वारा नेतो. रोजची औषधे मोठ्या बॅगेत नव्हे, खांद्यावरच्या पिशवीत ठेवावीत. नारळाच्या झाडाखाली पथारी पसरू नये. प्रवाळावर अनवाणी पाय ठेवू नये; ती जखम भरता भरत नाही. डासांचे मलम उन्हाच्या मलमानंतर लावावे, आधी नव्हे. अशा सत्तावीस सूचना. लोक त्या मनापासून वाचत, घडी घालून पासपोर्टात ठेवत आणि परतल्यावर "बाई, तुमच्या दुसऱ्या टोपीनं लाज राखली हो," असे सांगून जात.

तिने स्वतः मात्र समुद्र पाहिला नव्हता. तिला तो ठाऊक होता कागदांतून. परतलेल्या प्रवाशांना मालक चहा पाजत आणि त्यांच्याकडून एक छापील अर्ज भरून घेत: काय आवडले, काय फसले, पुढच्यांना काय सांगाल. ते अर्ज ती चाळी, निवडी, त्यांची भाषा सरळ करी. मालकांचा नियम एकच होता. "ऐकीव वाटता कामा नये. लोक म्हणतात, असं नाही लिहायचं. आम्ही पाहिलं, आम्ही केलं, असं लिहायचं. माणसाचा भरवसा 'आम्ही'वर बसतो." म्हणून न पाहिलेल्या वाळूवरून ती नऊ वर्षे 'आम्ही' होऊन चालत होती, आणि तिच्या मागोमाग शेकडो माणसे.

डॉक्टरांनी अकरावी सूचना मोठ्याने वाचली: "हॉटेलसमोरच्या किनाऱ्यापासून लहान बेटापर्यंत वाळूची पट्टी आहे. दुपारी दोन ते चार ओहोटी असते, तेव्हा ती उघडी पडते. आम्ही स्वतः चालून गेलो आहोत. चारपर्यंत पलीकडे निवांत बसावे. हे चुकवू नये." त्यांनी मान वर केली. "दोन ते चार हे कुठून आणलंत?"

"एका जोडप्याच्या अर्जात होतं. दोनला गेले, चारला परतले. फार सुंदर लिहिलं होतं त्यांनी."

"कुठल्या दिवशी गेले होते?"

तिला प्रश्नच कळला नाही. "दिवसाचं काय? ओहोटीची वेळ दिली होती की."

डॉक्टरांनी चष्मा काढला. दाढ काढावीच लागेल हे रोग्याला ज्या आवाजात सांगत असतील, त्या आवाजात ते बोलू लागले. "बाई, समुद्र काही ऑफिसला जात नाही. ओहोटी रोज सरकते. आज बाराला असेल, तर उद्या पाऊण-एक तासानं पुढं. आठवडा उलटला की जिथं ओहोटी होती तिथं भरती. मी पोचलो त्या दिवशी दोन वाजता तुमचा कागद घेऊन किनाऱ्यावर उभा, आणि तुमच्या त्या पट्टीवरून चक्क होडी चाललेली! मला वाटलं, चुकीच्या किनाऱ्यावर आलो. बायको म्हणाली, त्यात नवीन काय."

काकांना हसू फुटले. ते त्यांनी खोकल्यात बुडवले.

"पण तुम्हाला काही झालं नाही ना?" मालकांनी घाईने विचारले.

"मला काय होणार? पाणी समोर दिसत होतं, गेलोच नाही. धोका तेव्हा नसतो. ज्या दिवशी दोनला वाळू उघडी असेल आणि चारला नसेल, त्या दिवशी धोका आहे." त्यांनी बोटे मिटत मोजायला सुरुवात केली. "परवा माझा शेवटचा दिवस. परवा बाराला ओहोटी पूर्ण झाली आणि एकनंतर पट्टी दिसेनाशी. काल एकच्या आसपास. आज पावणेदोन." मिटलेली बोटे तशीच राहिली. "म्हणजे आज दोनला जो जाईल, त्याला सगळं कसं कागदात लिहिल्यासारखं दिसेल. कोरडी, पांढरी, स्वच्छ वाट. आणि पावणेतीनला ती मधोमध तुटेल."

"मधोमध?"

"मध्ये सखल आहे. पाणी समोरून चालून येत नाही, दोन्ही बाजूंनी आत सरकतं. पलीकडे बसलेल्याच्या पायाशी कोरडंच असतं. त्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो."

"अहो, पण पाणी वर येताना दिसत नाही का माणसाला?" मालक म्हणाले. "डोळे असतात की."

"दिसतं. पण हातातल्या कागदावर चार लिहिलेलं असलं, की दिसलेलं पाणी खोटं वाटतं."

भिंतीवर दोन घड्याळे होती. एक इथले, दुसरे बेटावरचे, एका तासाने पुढे चालणारे. सूचनाबाईने दुसऱ्याकडे पाहिले. दोन वाजून वीस मिनिटे झाली होती.

"माझी बहीण आहे तिथं," ती म्हणाली. आणि कोणी ऐकले नसेल म्हणून नव्हे, तर तिचे तिलाच ते नीट ऐकू आले नाही म्हणून पुन्हा म्हणाली, "माझी धाकटी. तिचा नवरा, मुलगी. आत्ता, तिथं."

भीती डोक्यात शिरते असे लोक म्हणतात. तिची आधी तळव्यांत उतरली. चपलेतले तळवे गार पडले, ओले झाले, जणू टेबलाखाली कुठून तरी पाणी येऊ लागले होते.

धाकटी ही ताईच्या शब्दाबाहेर नसलेली मुलगी होती. ताईने सांगितली ती शाखा तिने घेतली, ताईने सांगितले तितके केस कापले. तिच्यासाठी मुलगाही ताईनेच हेरला होता. तो घड्याळे दुरुस्त करी. डोळ्याला भिंग लावून, श्वास धरून केसाएवढा स्क्रू बसवणारा तो शांत माणूस पाहून ताई घरी येऊन म्हणाली होती, "याला हो म्हण. याच्या हातून काही सांडत नाही." तेव्हापासून तो घरचा झाला आणि सगळ्यांचा घड्याळजी झाला. त्यांची सात वर्षांची मुलगी, सतत काहीतरी उचलून आणणारी, म्हणून मुंगी.

बेटावर जायचेही ताईनेच काढले होते. पत्रकात तिने धाकटीसाठी अकराव्या सूचनेखाली लाल रेघ ओढली होती. कालच संध्याकाळी धाकटीचा फोन आला होता: "ताई, आज तुझा सहा, सात आणि चौदा नंबर झाला! उद्या अकरा! मुंगी तर वहीत बरोबरच्या खुणा करतेय." आणि मागून घड्याळजीचा आवाज: "ताई, श्वास घ्यायचा नंबर कितवा आहे तेवढं बघून सांगा तुमच्या बहिणीला."

आता तो फोन वाजत होता. वाजून वाजून थांबला. तिने पुन्हा लावला. मग घड्याळजीचा लावला. तोही वाजला, थांबला. चौथी सूचना तिला पाठ होती, कारण ती तिचीच होती: किनाऱ्यावर फोन नेऊ नयेत, खाऱ्या पाण्याने आणि वाळूने ते बिघडतात, खोलीतल्या तिजोरीत ठेवावेत. पडदे ओढलेल्या खोलीत, कपाटातल्या लोखंडी पेटीत, काळोखात शेजारी शेजारी पडलेले ते दोन फोन तिला दिसले. एक उजळतो, थरथरतो, विझतो. मग दुसरा.

"हॉटेलला लावा, काका," ती म्हणाली. आवाज परक्यासारखा आला.

काका जन्मभर तिकिटे काढत आलेला माणूस. कुठल्याही देशातल्या काउंटरशी त्यांचे जमे. त्यांनी नंबर फिरवला. कोणी उचलेना. "दुपारची वेळ," ते पुटपुटले, "जेवून पडले असतील." हेही तिने लिहिले होते: दुपारी बारा ते तीन तेथे सामसूम असते, काउंटरवर कोणी भेटत नाही, घाई करू नये. आणि नववी: किनाऱ्यावर होडीवाले सहल घ्या म्हणून मागे लागतात, त्यांच्याशी बोलत बसू नये, हसून हात हलवावा आणि पुढे चालावे. एकेक सूचना तिच्यासमोर येई आणि बाहेरून कडी घातलेले दार होऊन उभी राही. सगळ्या कड्या तिच्याच हातच्या, नीट घासूनपुसून लावलेल्या.

बेटावरच्या घड्याळात दोन अडतीसला पलीकडून एका मुलीचा आवाज आला. काका ताडकन उभे राहिले आणि प्रवासधंद्यातल्या त्या मोडक्यातोडक्या परभाषेत ओरडू लागले. मध्येच मराठीतही. "वाळू, वाळूची वाट... अहो नाही, बुकिंग नको! बुकिंग नको, बाई! माणसं गेलीत. तीन. एक लहान... हां, हां..." त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. घाम कपाळावरून भुवईपर्यंत आला होता. "ती म्हणते, वाट फार सुंदर आहे, जरूर जा म्हणून."

तिने त्यांच्या हातून फोन ओढून घेतला. ती भाषा तिला चार शब्दांपलीकडे येत नव्हती. ते चारही शब्द तिने एकामागून एक रिसीव्हरच्या भोकांत ओतले. पाणी. तीन माणसे. मूल. पुन्हा पाणी. आणि मग आपलेच, मराठीतले, "अहो, बुडतील हो ती!"

पलीकडे त्या मुलीने तिच्या भाषेतला एक शब्द उच्चारला, मोठ्याने, कोणाला तरी हाक मारल्यासारखा. रिसीव्हर लाकडावर आपटल्याचा आवाज आला. चपला धावत दूर गेल्या.

फोन तसाच उघडा राहिला. सूचनाबाई कान लावून उभी होती. आधी पंख्याची घरघर. एका पक्ष्याचे ओरडणे. आणि त्या सगळ्यामागे, थांबत, पुन्हा येत, कोणी तरी फार मोठे वस्त्र जमिनीवरून ओढत न्यावे तसा आवाज. तो काय आहे ते समजायला तिला थोडा वेळ लागला. नऊ वर्षे जिच्यावरून ती चालली होती, त्या वाळूवर येणारा समुद्र तिने तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तो घाईत नव्हता. तो अजिबात घाईत नव्हता.

मग लाइन तुटली.

त्यानंतर करण्यासारखे काही उरले नाही, आणि वेळ तर सगळाच उरला होता. काका दर दोन मिनिटांनी नंबर फिरवीत आणि दर वेळी तो गुंतलेला लागे. मालक उठून मांडणीपाशी गेले, तिथला पत्रकांचा गठ्ठा त्यांनी पालथा घातला, मग पुन्हा सुलटा केला. "एक तळटीप घालू आपण," ते स्वतःशीच म्हणाले. "बारीक अक्षरात." डॉक्टरांनी त्यांच्याकडे असे पाहिले, की तळटीप तिथेच गिळली गेली. दवाखान्यात रोगी खोळंबले असतील, तरी डॉक्टर गेले नाहीत. एका गुडघ्यावर पत्रक घेऊन बसून राहिले.

"मेहुणे पोहणारे आहेत का?" त्यांनी हळूच विचारले.

"घड्याळजी आहे," ती म्हणाली. जणू उत्तर यातच होते.

दोन पन्नास. मुंगीची उंची तिला सेंटिमीटरपर्यंत ठाऊक होती. गेल्याच महिन्यात तिने झग्यासाठी तिचे माप घेतले होते. एकशे अठरा. ती इच्छा नसताना मोजू लागली. पाणी आता घोट्यापर्यंत. तीन वाजले: गुडघा. तीन दहा: झग्याची झालर तरंगू लागली असेल. मुंगी त्याला हसत असेल. तीन वीस: कंबर. सखल भागात कमरेच्याही वर. पाणी ढकलीत असेल, बाजूने, हळू, एखाद्या भल्या माणसाने गर्दीत वाट करून द्यावी तसे. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी एकशे अठरा सेंटिमीटर संपले, आणि पुढे मोजायला तिच्यापाशी मुलगीच उरली नाही. तिने टेबलाची कड धरली. सेकंदकाटा पुढे जात होता आणि प्रत्येक ठोक्याला कणभर थबकत होता, तिच्या परवानगीसाठी थबकावे तसा.

चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. काकांनी उचलला. ते फक्त ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही वाचता येत नव्हते, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"तीन," ते अखेर म्हणाले. "ती म्हणते, तीन. ओले आहेत. ठीक आहेत." आणि खुर्ची मागे आहे की नाही हे न पाहताच खाली बसले.

सूचनाबाई रडली नाही. तिने जाऊन तोंड धुतले, आणि नळाखाली ओंजळ भरताना हात असा मागे घेतला, की पाणी चावले असावे.

धाकटीचा फोन साडेचारनंतर आला. तिचे दात वाजत होते, आणि राग अनावर होता.

"ताई, तुला काय सांगू! गळ्यापर्यंत पाणी गं! मुंगी याच्या खांद्यावर. माझे पाय सुटले होते, मी याच्या पट्ट्याला धरून. मग तो होडीवाला आला. सकाळी तोच आमच्या मागं लागला होता, बोटं दाखवून काय काय सांगत होता, मी तुझ्या नऊ नंबरासारखं हसून हात हलवून निघून आले. त्यानं केसांना धरून ओढलं मला, ताई. केसांना."

"धाकटे..."

"आणि हे सगळं कोणामुळे? याच्यामुळे! मध्येच म्हणतो, पाणी चढल्यासारखं वाटतंय, निघू या. मी विचारलं किती वाजले, तर म्हणे पावणेतीन. मी म्हटलं, मग सव्वा तास आहे की अजून! तेव्हा खरे पावणेचार झालेले असणार. विमानात काटे एक तास पुढं करायचे होते, केलेच नाहीत यानं. म्हणतो, केले. मी म्हटलं, केले असतेस तर ताईचे चार वाजायच्या आत पाणी येईलच कसं? दुनियेची घड्याळं लावतो आणि स्वतःच्या मनगटावर बोंब! आता पाणी जाऊन बंदच पडलंय, म्हणजे विचारायलाही नको."

मागे कुठे तरी मुंगी हुंदके देत होती. घड्याळजीचा आवाज येत नव्हता.

सांगायचे ते तेव्हाच सांगायला हवे होते. शब्द तयारही होते. ओठांच्या आतल्या बाजूला येऊन, ओल्या माणसांसारखे दाटीने उभे होते. पण धाकटीच म्हणाली, "तुझा कागद नसता ना ताई, तर परतायची वेळ तरी कळली असती का आम्हाला?" आणि ते शब्द मागे फिरले. धाकटी जिवंत होती. तिचा ताईवरचा भरवसाही जिवंत होता. एका दिवसात दोन्ही वाचावीत, एवढा लोभ तिला झाला.

"उद्या बारा नंबर करू का?" धाकटीने विचारले.

"नको! कुठं जाऊ नका. बाहेर पडायचंच असलं तर त्या होडीवाल्याला विचारा. तो सांगेल तेच करा."

"पण नऊ नंबरात तू लिहिलंयस, की..."

"नऊ नंबर सोड."

दुसऱ्या दिवशी तिने पत्रकातून अकरावी सूचना काढली, नववी उलटी केली आणि उरलेल्या सव्वीस सूचनांतून सापडतील तेवढे 'आम्ही' खोडले. त्या दुपारी आणि पुढच्या तिन्ही दुपारी दोनच्या सुमाराला तिचे तळवे गार पडत. माणसे वाचली होती, मग आता कशाला भ्यायचे, असे तिने स्वतःला पुष्कळ बजावले. पण भीतीने फक्त जागा बदलली होती. आधी ती पाण्याची होती. आता धाकटीच्या चेहऱ्याची.

ते परतले त्या संध्याकाळी ताई त्यांच्या घरी गेली. दुकानावरच्या दोन खोल्या. दारातच अर्धवट रिकाम्या बॅगा, खुर्च्यांच्या पाठींवर वाळत घातलेले टॉवेल, फरशीवर पायाखाली कुरकुरणारी वाळू. धाकटीचे नाक सोलले होते. घड्याळजी खिडकीपाशी त्याच्या लहान टेबलावर, डोळ्याला भिंग लावून बसला होता.

"मुंगे, बाबांना सांग, चहा गार होतोय," धाकटी म्हणाली.

"बाबा, चहा गार होतोय."

"आईला सांग, गारच बरा."

"आई, गारच बरा." मुंगीने दोन्हीकडचे निरोप पोचवले आणि पोस्टमनसारखी ताईपाशी येऊन उभी राहिली. तिच्या टाचेला पट्टी होती. "मावशी, बाबा पाण्यात बुडाले होते, पण मी नाही. बाबांचं नुसतं नाक वर होतं. आणि ते तरी म्हणत होते, मुंगे, गाणं म्हण, गाणं म्हण."

"म्हटलंस?"

"दोन कडवी म्हटली. पुढचं आठवेना." मग आवाज खाली आणून, "आता बादली भरायला लागली ना, की मी न्हाणीघरातून बाहेर येते."

घड्याळजीने भिंग काढले. टेबलावर, पांढऱ्या कागदावर, त्याचे मनगटी घड्याळ उघडून ठेवले होते. चाके पुसून ओळीने मांडलेली, एकेका दातावर मिठाचा करडा थर. चार दिवसांत त्याने ते कितीदा उघडले असावे कोण जाणे.

"ताई, एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्ही नेमकं बोलता म्हणून. मला आठवतंय, विमानात मी तास पुढं केला होता. पट्टा सैल करून, किल्ली ओढून, चांगलं आठवतंय. पण ही चार दिवस म्हणतेय, की नाही केला. आता मलाच वाटायला लागलंय, केला नसेन. मघाशी खाली एका गिऱ्हाइकाचं घड्याळ लावायला घेतलं, तर हातच उचलेना. म्हटलं, आपल्याला वेळ लावता येते का?" तो हसला, पण ते हसणे ओठांपर्यंतच पोचले. "पोरीला मीच पाण्यात घातलं का हो? माझं घड्याळ बरोबर होतं का?"

"तिला कशाला मध्ये घेतोस?" धाकटी ओला टॉवेल पिळता पिळता म्हणाली. "तिनं स्वच्छ लिहिलं होतं, चारपर्यंत म्हणून!"

ताईने मुंगीच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. तो हात तिथे ठेवून हे बोलता आले नसते.

"घड्याळ बरोबर होतं," ती म्हणाली. "कागद चुकीचा होता."

खालून रस्त्यावरून एक गाडी गेली आणि खिडकीची काच थरथरली. ताई उभ्याउभ्याच बोलत राहिली, एखादी सूचना वाचून दाखवावी तशी सरळ, सपाट. ओहोटी रोज सरकते. मला ठाऊक नव्हते. कोणा दोघांनी त्यांच्या एका दिवसाची वेळ लिहिली, ती मी रोजची केली. तिथे मी कधी गेलेच नाही. 'आम्ही' म्हणजे कोणी नव्हतेच.

घड्याळजीने डोळे मिटले. त्याचे खांदे हळूहळू खाली आले, इतका वेळ त्यांच्यावर कोणी बसून होते असे वाटावे.

धाकटीच्या हातातला टॉवेल पीळ घातलेलाच राहिला. "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. तुम्ही तिकडं होता तेव्हाच."

"म्हणजे मी फोन केला तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी याला शिव्या घालत होते आणि तू ऐकत होतीस."

"हो."

"चार दिवस मी..." धाकटीने नवऱ्याकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. टॉवेलातून पाण्याचे थेंब फरशीवरच्या वाळूत पडत होते. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर ताईला बरे वाटले असते. तिथे राग नव्हता. लहानपणापासून एका भिंतीला टेकून बसलेल्या माणसाने मागे वळून पाहावे आणि तिथे भिंतच नसावी, तसे काही तरी होते.

"धाकटे, बोल गं काहीतरी. वाटेल ते बोल." उत्तर काय येईल याची भीती आणि येणारच नाही याची भीती, दोन्ही बाजूंनी आत सरकत होत्या. "मी उद्या येऊ?"

धाकटीने टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. मुंगीला उचलून कडेवर घेतले; सात वर्षांची मुंगी आता कडेवर मावत नव्हती, तिचे पाय गुडघ्यांपर्यंत लोंबत होते, तरी घेतले. आणि ताईच्या बाजूने, तिला धक्का लागणार नाही अशा बेताने, ती आतल्या खोलीत निघून गेली.